उसेंडीबाईंची शंका

उसेंडीबाई पेशंटला 'किती दुखतं?' असं कधीच विचारत नसत. मी नवी असताना एकदा त्यांच्यासमोर एका म्हाताऱ्याला तसं विचारलं, तर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, दुखनं का तांदूळ हाय, पायलीनं मोजून देईन तो तुले?"

त्या स्वतः भलतंच काहीतरी विचारायच्या. बाईमाणूस असेल तर, आज पाण्याची गुंडी कोणी भरून आणली? गडी असेल तर, कुऱ्हाड कोणत्या दिवशी खाली ठेवली? लेकरू असेल तर, बकरीमागे पळशील का आत्ता? उत्तर ऐकता ऐकता त्यांचा हात पेशंटच्या टोंगळ्यावरून, म्हणजे गुडघ्यावरून, कोपरावरून, पाठीवरून फिरत असायचा आणि नजर त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा बघत असायची. चार वाक्यांत त्यांना कळायचं, की नुसतं पाणी पाजून आणि शेकून भागेल, की सलाईन लागेल, की डॉक्टरांना जेवणावरून उठवायचं.

आमचं ग्रामीण रुग्णालय गडचिरोली जिल्ह्यातलं, जंगलाला लागून. चार-पाच खाटा कायम सिकलसेलच्या. हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि हाडं अशी दुखतात की धडधाकट माणूस गडाबडा लोळतो. मी हे पुस्तकात वाचलं होतं. बाईंनी घरात पाहिलं होतं, त्यांची धाकटी बहीण यातच गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शेकायच्या बाटल्या भरता भरता.

त्या बाटल्या म्हणजे सलाईनच्या रिकाम्या बाटल्या. बाई त्या गरम पाण्यानं भरायच्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायच्या आणि पेशंटच्या सांध्याला लावण्याआधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. दिवसातून वीसदा तरी गाल भाजून घेत असतील. वॉर्डातल्या प्रत्येक सिकलसेलवाल्याच्या उशाशी पाण्याचा लोटा पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि तो पिऊन रिकामा झालेला दिसला पाहिजे. भरलेला दिसला की त्यांचा आवाज चढायचा. जंगलातल्या गावचे लोक आले की त्या गोंडीत बोलायच्या, मला त्यातलं फक्त 'येर' म्हणजे पाणी एवढं कळायचं, कारण दर वाक्यात तेच असायचं.

आठवडी बाजाराच्या दिवशी त्या जेवणाच्या सुट्टीत एसटीच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहायच्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या. कोण बाजाराला आलंय यापेक्षा कोण आलं नाही यावर त्यांचं लक्ष. अमक्या गावची अमकी दोन बाजार झाले दिसली नाही, की तिसऱ्या दिवशी त्या गावच्या आशाताईला निरोप गेलेला असायचा. जेवण राहून जायचं. मी एकदा म्हटलं, बाई, हे आपलं काम नाही. त्या म्हणाल्या, "मंग कोनाचं हाय, सांग, त्याले पाठवतो."

आता मी कोण, तर भद्रावतीची. फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली, घरात कोणी मले-तुले बोललं की आई डोळे वटारायची. तीन वर्षांचा जीएनएम कोर्स करून स्टाफ नर्स म्हणून तिथे लागले. बाई दीड वर्षाच्या कोर्सवाल्या, एएनएम. वयानं माझ्या आईएवढ्या, पण सरकारी कागदावर माझ्याखाली. आणि खोटं कशाला बोलू, पहिलं वर्षभर मीही त्यांना खालीच धरलं होतं. पायांत स्लीपर, कपाळावर ढकललेला चष्मा, दुधाशिवायचा काळा चहा, आणि दर औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद उलगडून, हातानं सरळ करून रजिस्टरखाली दाबून ठेवायची सवय. मला वाटायचं, काय हा बावळटपणा.

ते कागद त्या वाचायच्या. इंग्रजी फारसं येत नसे. एकेक शब्द पेन्सिलीनं खूण करून ठेवायच्या आणि कोणी मोकळं दिसलं की विचारायच्या. 'हायड्रॉक्सियुरिया' हे सिकलसेलच्या गोळीचं नाव आमच्या रुग्णालयात अडखळल्याशिवाय फक्त त्याच म्हणू शकत. बाहेरून कोणी डॉक्टर भाषण द्यायला आले, की सगळ्या नर्सा घड्याळाकडे बघत असताना मागून आवाज यायचा, "साहेब, एक शंका हाय." आम्ही कपाळाला हात लावायचो. आता चहा थंड होणार.

त्यांची शंका कधी उगाच नसायची, हेही सांगायला हवं. एका वर्षी पुण्याकडचे एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आले. मनानं चांगले, पण शिकलेलं सगळं इंग्रजीतलं. ते प्रत्येक सिकलसेलच्या पेशंटला विचारायचे, शून्य ते दहामध्ये तुमचं दुखणं किती? एक म्हातारेबाबा घामानं निथळत बसले होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "जेवढे तुमी द्यान तेवढे, साहेब." त्यांना वाटलं, मार्क मिळणार आहेत. दुसरा एक गडी सगळ्यांना पाच सांगायचा, कमी सांगितलं तर डॉक्टरांना राग येईल आणि जास्त सांगितलं तर हावरेपणा दिसेल म्हणून. आम्ही हसून हसून बेजार. बाई हसल्या नाहीत. संध्याकाळी त्या डॉक्टरांकडे गेल्या आणि शंका विचारली, की आकडा ज्याला येत नाही त्याचं दुखणं कसं मोजायचं, पुस्तकात काही दिलं असेल तर सांगा. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, मला माहीत नाही.

त्यानंतर बाईंनी एक वही सुरू केली. दोनशे पानी, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. पेशंट काय बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि पुढे त्याचं काय झालं ते लिहायचं. 'हाडात किडा चावून राह्यला.' 'अंगातून कोनी दोर वढून राह्यलं.' 'पाय माहा नाई वाटत.' पुढे तारीख, किती सलाईन लागल्या, चंद्रपूरला न्यावं लागलं का. मला हे बरेच दिवस माहीतच नव्हतं, मी बघितली तेव्हा तिसरी वही चालू होती. शेवटच्या पानावर सगळ्याचं सार काढलेलं, एकाखाली एक दहा ओळी. पहिली ओळ, 'जोरानं बोंबलते'. मग 'कन्हते', मग 'इथी दुखते म्हून बोट दाखवते', असं करत करत शेवटची, दहावी ओळ, 'बरं हाय म्हनते'.

आता ट्रेनिंगचं. आमच्याकडे ट्रेनिंगची पत्रं यायची. रक्ताच्या आजारांच्या रुग्णांची शुश्रूषा, पाच दिवस, नागपूर. राहणं-जेवण तिकडेच. पत्र फलकावर लागलं की बाई सर्वांत आधी वाचायच्या, चष्मा खाली घेऊन, सहीपर्यंत. त्यात दर वेळी एक ओळ असायची, फक्त जीएनएम किंवा त्यावरील पात्रता. त्या ती ओळसुद्धा पूर्ण वाचायच्या आणि कामाला लागायच्या. एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "सिकलसेलच्या खाटीजवळ मी, आन् सिकलसेलचं ट्रेनिंग तुमाले. पाह्य बाप्पा."

त्या वर्षी माझं नाव लागलं. मला जायचंही नव्हतं, नवऱ्याची नोकरी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, आठवड्यातून एकदा घरी जायला मिळायचं, तेही बुडणार. मी कुरकुर करत बॅग भरत होते, तर बाई क्वार्टरवर आल्या. पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हे घेऊन जा, पोरी. तिथी मोठे डॉक्टर राहतीन. त्याइले दाखव आन् इचार, हे बरोबर हाय का. कुठी चुकलं असन त लाल पेनानं खून करून आन." 'चुकलं असन त' हे त्यांनी दोनदा सांगितलं. कौतुक करून आण असं नाही म्हणाल्या. त्यांना आयुष्यात एकदा कोणा जाणत्या माणसाकडून आपला पेपर तपासून हवा होता, एवढंच.

आणि मी काय केलं? तिसऱ्या दिवशी तिथे सांगितलं, की प्रत्येकीनं आपल्या कामातला एखादा नवा प्रयोग मांडायचा. मोठमोठ्या हॉस्पिटलच्या पोरी, फाडफाड इंग्रजी, लॅपटॉप. माझ्याकडे काही नव्हतं. होती ती बाईंची वही. हॉस्टेलवर बसून मी शेवटच्या पानावरच्या दहा ओळी मोठ्या कागदावर उतरवल्या, बाजूला हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं काढली, आणि आकडे टाकले. वरच्या ओळीला दहा आणि खालच्या ओळीला एक टाकायला लागले, मग शून्य हवंच म्हणून 'बरं हाय' ला शून्य. आपल्याला सवयच तशी. थर्मामीटरचा पारा वर गेला की ताप जास्त. बोंबलतो त्याला सर्वांत जास्त, आणि बरं हाय म्हणतो त्याला काही नाही. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उभी राहिले. 'माझ्या आईच्या वयाच्या एका सहकारी बाईंनी हे केलंय' असं पहिलं वाक्य मी पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "मी आमच्या भागात काम करताना असं निरीक्षण केलं." एक वाक्य. ते सुटलं आणि मग मागे घेता आलं नाही, किंवा मी घेतलं नाही. टाळ्या वाजल्या. रक्तरोगाच्या ज्या मोठ्या डॉक्टर होत्या त्या स्वतः उठून आल्या, पाठीवर हात ठेवला. आणि त्यांना विचारणार तरी कसं, की हे बरोबर आहे का? आपलंच म्हणून सांगितलेलं आपणच कसं तपासून घ्यायचं? वही बॅगेतून बाहेरच निघाली नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी.

परत आले तर बाई एसटीच्या थांब्यावर. बाजाराचा दिवस नव्हता, माझ्यासाठी आल्या होत्या. माझ्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "काय म्हनले?"

मी म्हटलं, "चांगलं म्हणाले, बाई."

"चुकलं कुठी?"

"कुठेच नाही. सगळं बरोबर आहे म्हणाले."

त्यांनी वही उघडून पानं चाळली. लाल पेन कुठेच नव्हतं. चेहरा असा फुलला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण पळाले नाही. त्यांनी माझ्यासाठी घरून आणलेला डबा मी खाल्ला. लाज म्हणून नाही मला, त्या दिवशी भूकसुद्धा चांगली लागली होती.

मग गोष्टी आपोआप घडत गेल्या असं मी स्वतःला सांगत आले. आपोआप काही घडत नसतं. वरच्या साहेबांना तो कागद आवडला म्हणून चार्ट छापायचं ठरलं, तळाशी माझं नाव. मला चंद्रपूरला बदली मिळाली, नवऱ्याजवळ, आणि वर्षभरात मी ट्रेनिंग देणारी झाले. त्याच सुमारास बाईंची बदली आत एका उपकेंद्रात झाली. चार्ट रुग्णालयांच्या आणि आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर लागले, उपकेंद्रांना पाठवलेच नव्हते. चंद्रपूरकडच्या कोरपन्यापासून पार गडचिरोलीच्या जंगलापर्यंत मी जिथे तपासणीला जाई तिथे भिंतीवर माझं नाव. मला सुरुवातीला बरं वाटायचं. मग काहीच वाटेनासं झालं.

दोन वर्षांनी पत्रात पहिल्यांदा 'एएनएम' हा शब्द आला. तालुक्याच्या ठिकाणी सिकलसेलच्या रुग्णांसाठी डे-केअर सुरू व्हायचं होतं, तिथल्या नर्सा ट्रेनिंग पास झालेल्यांतून घेणार होते. चंद्रपूरला दोन दिवसांचं ट्रेनिंग, शिकवणारी मी. हजेरीच्या कागदावर उसेंडी नाव वाचलं. चोराच्या मनात चांदणं. त्या सर्वांत मागच्या रांगेत बसल्या होत्या. नवी कोरी वही, दोन पेनं, त्यातलं एक लाल. मला बघून हसल्या आणि उठून नमस्कार केला, "नमस्कार, मॅडम." मॅडम.

पडद्यावर चार्ट आला. मी मागे बघायचं टाळत होते. घडाघडा बोलून पुढे जायला लागले तर तो आवाज आलाच.

"मॅडम, एक शंका हाय."

हॉलमध्ये साहेब बसले होते, ज्यांनी चार्ट छापला ते. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की 'बरं हाय' ला शून्य कसं? म्हणाल्या, जो पेशंट दुखतं म्हणून दोन गावं ओलांडून दवाखान्यापर्यंत येतो आणि इथे येऊन बरं हाय म्हणतो, त्याच्यात बोलायचीही ताकद राहिलेली नसते, किंवा श्वास पुरत नसतो. बोंबलतो त्याला दुखतंच, त्याला औषध द्यायचंच, पण त्याच्यात जीव आहे. धावायचं ते बरं हाय म्हणणाऱ्याकडे. ही यादी किती दुखतं याची नाहीच, किती लवकर जायचं याची आहे. "दुखनं वर नाई चढत, मॅडम. खोल जाते. म्हून ते खाली लिवलं असन, ज्यानं लिवलं त्यानं."

ज्यानं लिवलं त्यानं. एवढंच. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही तसं. मला त्या क्षणी सगळं कळलं. ती पहिल्या ओळीपासून खाली खोल जाणारी यादी होती आणि मी ती पारा समजून उलटी टांगली होती. बोलायला एक क्षण पुरेसा होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "बाई, हे तज्ज्ञांनी तपासलेलं आहे. शंका शेवटी घेऊ."

त्या खाली बसल्या. शेवटी मी वेळ संपला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. वीस प्रश्न, पास व्हायला अठरा. चौदावा प्रश्न मीच काढलेला होता, रुग्ण 'बरं हाय' असे म्हणाल्यास चार्टनुसार अंक किती? बाईंनी माझं उत्तर ऐकलं होतं. त्यांना माहीत होतं मला काय हवंय. पेपर तपासताना त्यांचा कागद हातात आला. गोल, सावकाश अक्षर. 'दहा. लगेच जावे.' आधीच संगणकाच्या फॉर्मचे दोन प्रश्न चुकले होते. हा बरोबर धरला तर अठरा, नाही तर सतरा. साहेब शेजारी बसून उत्तरांची यादी धरून होते. मी लाल पेनानं फुली मारली. स्वतःच्या हातानं. बाईंच्या कागदावर शेवटी कोणीतरी लाल पेन चालवलं, आणि ते असं.

नावं वाचली, त्यात त्यांचं नव्हतं. बाकीच्या गाड्या पकडायला पळाल्या. बाई माझ्या टेबलाशी आल्या. मी पुटपुटले, की पुढच्या वेळी नक्की. त्या म्हणाल्या, "मार्क नोको मले. ते खालचं वर कर." मग सांगितलं. त्यांच्या उपकेंद्राच्या गावची एक पोरगी, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. भाऊ तिला सायकलवर बसवून आरोग्य केंद्रात घेऊन गेला. सिस्टरनं विचारलं कसं आहे, ती म्हणाली बरं हाय. सिस्टरनं भिंतीकडे बघितलं, कागदावर शून्य लिहिलं, गोळ्या देऊन घरी पाठवलं. सकाळी पोरीला खाटेवर घालून बाईंकडे आणलं तेव्हा छातीचा भाता झाला होता. बाईंनी गाडीत सोबत बसून चंद्रपूरला आणली. वाचली, थोडक्यात. "त्या सिस्टरचा काई दोष नाई," बाई म्हणाल्या. "तिनं छापलेलं वाचलं. मीनं भी तवाच वाचलं, दवाखान्याच्या भितीवर." तळाशी छापलेल्या नावाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पिशवी खांद्याला लावली आणि बस गाठायला निघून गेल्या.

मला पत्र लिहायला अकरा दिवस लागले. आणि लिहिलं काय, तर चार्टमध्ये 'छपाईतील चूक' आढळली आहे, सुधारित प्रत काढावी. छपाईतील! मशीनच्या डोक्यावर खापर फोडलं. पण चार्ट बदलला, 'बरं हाय' ला दहा आला, एवढं खरं. जुने काढले, नवे लागले, आणि या वेळी उपकेंद्रांनाही पाठवायचं ठरलं. तळाशी नाव माझंच राहिलं. डे-केअरमध्ये दुसरी एक मुलगी लागली. चांगली आहे, पण बाई नाही.

बाईंचा चार्ट मी स्वतः घेऊन गेले, त्या निवृत्त व्हायच्या महिन्यात. रस्ताभर माफीची वाक्यं जुळवत होते. पोचले तर त्या एका लेकराच्या टोंगळ्याला बाटली लावून बसल्या होत्या, आणि त्यांचा स्वतःचा गाल लाल. चार्ट हातात घेतला, वरून खालपर्यंत वाचला, माझ्या नावासकट. खिळा आणि दगड शोधून आणला. मी कागद भिंतीशी धरला, त्यांनी ठोकला.

"पोरी," त्या म्हणाल्या. कितीतरी वर्षांनी. "एक शंका हाय. तवा नागपूरले त्या मोठ्या डॉक्टरीनबाईले माही वही दाखवली होती का तू? इचारलं होतं का, बरोबर हाय का म्हून?"

खोटं अगदी जिभेवर होतं, सवयीचं झालेलं. माहीत नाही कसं थांबलं. मी म्हटलं, "नाही, बाई. दाखवलीच नाही. माझं म्हणून सांगितलं. मग विचारणार कसं?"

त्या रागावल्या असत्या तर सोपं होतं. त्यांनी हातातला दगड खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजे मले अजून मालूमच नाई. त्या बाईनं बरोबर म्हनलं म्हून एवढे दिवस मी त्याच्यावर चालून राह्यली होती."

मी म्हणाले, मी आता विचारते, उद्याच जाते, तिन्ही वह्या द्या. त्या म्हणाल्या, "आता? तीस तारखेले मी घरी चालली." आणि लेकराची बाटली थंड झाली असेल म्हणून आत वळल्या.

मी गाडी सुरू केली तेव्हा त्या पुन्हा दारातून दिसल्या. लेकरू झोपलं असावं. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन, हातात लाल पेन धरून त्या चार्टसमोर उभ्या होत्या आणि पहिल्या ओळीपासून एकेक ओळ तपासत होत्या.